शुगरवाल्यांसाठी हवाई चप्पल की एमसीआर सँडल?

आमच्या बाबांना 15 वर्षं शुगर, पायाला मुंग्या आणि बधिरपणा, तरी हवाई चप्पल काही सुटेना. स्वस्त आहे, धुता येते, मान्य. पण अंगठ्याजवळचा पट्टा घासतो, पायातून सटकली तरी कळत नाही आणि काटा पातळ सोलमधून सरळ आत.

एमसीआर म्हणजे मायक्रो सेल्युलर रबर, बारीक हवेच्या पोकळ्या असलेलं. या सँडलचं आतलं हे रबर मऊ असतं, त्यामुळे दाब एकाच जागी न येता पसरतो, खालचा सोल कडक, मागे पट्टा आणि वेल्क्रो, म्हणजे सूज आली की सैल करता येतं. दिसायला अगदीच काकाछाप, पण माझं मत हिलाच. घ्यायला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात.

जखम असेल तर मात्र नुसत्या सँडलवर भागत नाही, लगेच डॉक्टर गाठा. आणि रोज रात्री तळवे बघायचेच, दोन्हीपैकी काहीही घाला.