चकमकीचं पातं की घासलेली कुऱ्हाड?

ही दोन्ही अश्मयुगातली दगडी हत्यारं; घासलेलं हत्यार शेतीबरोबर आलं असं सहसा मानतात. नुसत्या धारेत चकमकीच्या दगडातून ठोकून काढलेलं पातं केव्हाही सरस. क्षणात निघतं, कातडं सहज कापतं. पण लाकडावर घाव घातला की टवका उडतो. दगडी कुऱ्हाड वाळू-पाण्याने तासन्‌तास घासावी लागे. धार कमी, पण घाव सोसणारी आणि पुन्हा लावता येणारी. शेतासाठी झाडं तोडायला हीच हवी.

म्हणून पातं मागे पडलं का? मुळीच नाही. पश्चिम आशियातले नातुफी लोक शेतीच्या आधीपासून हाडाच्या मुठीत पाती बसवून रानटी धान्य कापत. देठांतल्या सिलिकाने (वाळूतही असणाऱ्या कठीण द्रव्याने) आलेली चकाकी त्या पात्यांवर आजही दिसते. उलट जपान-ऑस्ट्रेलियात घासलेल्या कुऱ्हाडी 30,000 वर्षांपूर्वीच होत्या, शेती नसताना! ‘घासलेला दगड म्हणजे शेती’ हे समीकरण मला म्हणूनच पटत नाही.