पिवळं फूल आलं तेव्हाच थांबायला हवं होतं

माझे 37,100 रुपये गेले. एकदम गेले असते तर घरात कोणीतरी मला अडवलं असतं. ते गेले पाच वेळा, चौदा महिन्यांत, आणि प्रत्येक वेळी मीच माझ्या फोनवरून पाठवले. घरी तंबाखू लावून सिगार वळण्याचा नाद ज्यांना लागला आहे किंवा लागू पाहतो आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मला फसवणारा माणूस अजून हाच धंदा करतो आहे.

एसटीच्या वर्कशॉपमध्ये 31 वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर धुळ्यातल्या घरात हात मोकळे बसवेनात. त्याच सुमारास रामेश्वरची यात्रा झाली. परतताना दिंडीगुलला एका दुकानाच्या ओट्यावर एक बाई चिरूट वळत होती. ओलसर पान पसरून दोन्ही तळव्यांनी ती ज्या सफाईने गुंडाळी करत होती, ते मी अर्धा तास उभा राहून पाहिलं. मला ओढण्याची तलफ कधीच नव्हती, ते हातकाम मनात बसलं. पांझराकाठी आमची थोडी जमीन आहे. म्हटलं, विहिरीजवळच्या वाफ्यात चाळीस रोपं लावून बघू.

जुलै 2023 मध्ये फोनवर एक व्हिडिओ पाहिला आणि त्यातल्या नंबरवर फोन केला. बोलणारा गोड होता. पहिल्या मिनिटापासून ‘काका’. पाच-सहा वर्षं परदेशी कारखान्यात काढली, आता घरगुती सिगारची चळवळ उभी करतो आहे, असं त्यानं सांगितलं. ‘अस्सल क्युबन-कनेक्टिकट’ बी 1,800 रुपयांना. क्युबा हा देश आणि कनेक्टिकट हे अमेरिकेतलं राज्य, हे मला ठाऊक होतं. दोन्ही एकाच पाकिटात कसे, हे विचारायचं मात्र सुचलं नाही.

पाकीट आलं. चांदीचा कागद, त्यावर सोनेरी स्टिकर, ‘1 ग्रॅम, 200 बिया’. तंबाखूचं बी धुळीसारखं असतं. सिगारच्या तंबाखूच्या एका ग्रॅममध्ये 10,000 हून जास्त बिया मावतात. म्हणजे पाकिटावरचे दोन आकडेच एकमेकांशी जुळत नव्हते. लॉट नंबर नाही, उगवणशक्तीची टक्केवारी नाही, तपासणीची तारीख नाही, विकणाऱ्याचा पत्ता नाही. कापसाच्या बियाण्याची थैली घेताना मी हे सगळं वाचून घेतो, दुकानदाराशी वाद घालतो, पक्कं बिल मागतो. इथे छंद म्हणून गेलो आणि शेतकऱ्याची सवय बाजूला ठेवली. खरंच परदेशातून बी आलं असतं तर आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागलं असतं. 2003 च्या प्लांट क्वारंटाइन आदेशात ते आहे. तो कागद मागितला असता तर प्रकरण 1,800 रुपयांच्या आतच मिटलं असतं.

दुसरे पैसे शिकवणीचे, 6,500. आठ व्हिडिओ. पहिल्याच व्हिडिओत त्यानं सांगितलं की बी अर्धा इंच मातीखाली पेरा. मी तसं केलं. पंधरा दिवस ट्रे हिरवा झाला नाही. पाकिटात उरलेलं चिमूटभर बी सौभाग्यवतीनं हातात घेतलं आणि म्हणाली, “अहो, हे राजगिऱ्याहून बारीक. एवढ्याशा जिवाला माती पेलवेल का?” तिनं ते कोकोपीटवर नुसतं भुरभुरलं, वरून झारीनं हलकं पाणी दिलं. दहाव्या दिवशी हिरवी झाक आली. तंबाखूच्या बियाला उगवायला उजेड लागतो, झाकायचं नसतं, हे नंतर कळलं. ज्याला पेरायचं कसं हे माहीत नाही, तो मला वळायचं शिकवणार होता.

त्याच व्हिडिओत होतं की तंबाखू वांग्या-मिरचीच्या ओळीत लावा, किडी पळतात. आमच्याकडे भरताची वांगी होती. पानं पिवळी-हिरवी चट्टेदार झाली, आखडली, अर्धा वाफा उपटून टाकावा लागला. कृषी सहायकांनी पाहून सांगितलं की तंबाखू, वांगी, मिरची, टोमॅटो एकाच कुळातले. मोझॅकचा विषाणू हातानं, कपड्यानं एकातून दुसऱ्यात जातो. तंबाखू हाताळून वांग्यात शिरायचंच नसतं.

एक गोष्ट मात्र पैशांपेक्षा जास्त लागली. जानेवारीत पानं खुडायला आमचा सालदार पहाटे गेला. दव होतं. दोन तास ओली पानं काखेत धरून त्यानं खुडली, आणि बांधावर बसून ओकायला लागला. घाम, चक्कर, हात थरथरत होते. मी त्याला मोटारसायकलवर मागे बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, “ओल्या तंबाखूत काम केलं का?” ओल्या पानातलं निकोटीन कातडीतून अंगात शिरतं. दव सुकल्यावर खुडायचं, हातमोजे घालायचे, पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचा. साडेसहा हजारांच्या शिकवणीत यातलं एक वाक्य नव्हतं. सालदार बरा झाला, पण त्याच्या बायकोनं त्या दिवशी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आता फुलाचं. डिसेंबरात रोपं कमरेलाही लागत नव्हती तोच कळ्या आल्या. फुलं उमलली ती पिवळट हिरवी, बुटकी, नळीसारखी. व्हिडिओत मात्र माणसाच्या उंचीची झाडं आणि गुलाबी फुलं होती. मी फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, “काका, खान्देशचं ऊन कडक, त्यात क्युबनचं फूल पिवळं पडतं. शेंडा खुडा, पानात ताकद उतरेल.” मला ते पटलं. जळगाव-धुळ्याच्या उन्हानं काय काय होतं हे आपण जन्मभर बघतो, त्यामुळे फुलाचा रंगही बदलत असेल असं वाटून गेलं.

उन्हानं रंग बदलत नाही. तंबाखूच्या दोन जाती मुख्य. सिगार, विडी, सिगारेट यांची ती निकोशियाना टबॅकम. उंच, लांब मोठी पानं, पान बहुतेक थेट खोडाला चिकटलेलं, फूल बहुधा गुलाबी. दुसरी निकोशियाना रस्टिका. बुटकी, जाड गोलसर पान, पानाला स्पष्ट देठ, फूल पिवळट हिरवं. ही हुक्क्याची आणि खाण्याची तंबाखू, निकोटीन कितीतरी जास्त. माझ्या वाफ्यात चाळीसच्या चाळीस रोपं रस्टिका होती. देठ मी रोज बघत होतो.

तंबाखूत फसवणं इतकं सोपं का, याचा मी रात्री जागून विचार केला आहे. टोमॅटोचं बी खोटं निघालं तर दोन-तीन महिन्यांत फळ सांगतं. तंबाखूचं तसं नाही. पान खुडल्यावर सावलीत महिना-दीड महिना वाळवायचं, मग थप्पी लावून आंबवायचं, थप्पी तापली की उलटायची, अमोनियाचा वास जाईपर्यंत पुन्हा लावायची, आणि मग मुरायला ठेवायचं. वर्ष सहज जातं. पान बेचव आहे, कडू आहे, हिरवं राहिलं आहे, काहीही तक्रार केली तरी ‘काका, अजून मुरलं नाही’ हे उत्तर तयार. आणि वाट पाहण्याच्या प्रत्येक टप्प्यावर नवी वस्तू विकता येते. तो माझा धीरच विकत होता, आणि पैसे मीच देत होतो.

उन्हाळ्यात आमच्या धाब्याच्या घरात पानं टांगली होती. ओली गोणपाटं लावूनही ती पापडासारखी मोडायची. पावसाळा लागला तेव्हा पान जरा नरम आलं आणि मी वळायला बसलो. त्यानं सांगितलं, आतलं पान तुमचं चालेल, पण वरचं रॅपर तसं जमायचं नाही. अर्धा किलो ‘इक्वेडोरचं’ रॅपर 9,600 रुपयांना. रॅपर म्हणजे सिगारचं सगळ्यात वरचं पान, पातळ, अखंड, शिरा न उठणारं. महाग असतं हे खरं, म्हणून किंमत खटकली नाही.

पुडा उघडला तेव्हा वरची सहा पानं सुंदर होती. एकसारखी काळसर तपकिरी, हाताला रेशमासारखी. खाली चुरा, जाड शिरा, अर्धी फाटलेली पानं. दुसऱ्या दिवशी सकाळी फडताळावर मुंग्यांची ओळ, थेट पुड्यापर्यंत. तंबाखूला मुंग्या लागलेल्या मी कधी ऐकलं नव्हतं. जिभेचं टोक लावलं तर गोड. गुळाचं पाणी मारलं होतं, वजन वाढावं आणि पान लवचीक वाटावं म्हणून. पांढऱ्या ओल्या रुमालानं पान पुसलं तर काताच्या पिंकेसारखा लालसर डाग पडला. चांगल्या पानाचाही थोडा पिवळट तपकिरी रंग उतरतो, तो वेगळा. हा नुसता रंगवलेला माल होता. चार दिवस सावलीत ठेवून वजन केलं, 500 ग्रॅमचे 310 भरले.

मी चिडून फोन केला. तो अजिबात चिडला नाही. म्हणाला, “काका, तुमच्याकडे पेटी नाही, म्हणून पान बिघडलं.” आणि मी सिगार ठेवायची, ‘स्पॅनिश सीडर’ लाकडाची म्हणून सांगितलेली, 4,200 ची पेटी मागवली. आतून पॉलिशचा असा वास की तीत कांदेही ठेवले नसते. तिच्याबद्दल इतकंच.

जुलैत पहिली सिगार पेटवली. चार झुरक्यांत कपाळ गार पडलं, पोटात ढवळलं, ओसरीवर आडवा झालो. मुलगी घाबरून पंख्याखाली उशी घेऊन आली. त्याला कळवलं तर उत्तर, “हीच तर क्युबन ताकद.”

शेवटचा घाव सप्टेंबर 2024 चा, 15,000 रुपयांचा. तो म्हणाला, तुमचं पान आणि तुमच्या हातच्या सिगार मी परत घेतो, एका नगाला 90 रुपये, फक्त सरकारी नोंदणी करून घ्या. पैसे पाठवल्यावर व्हॉट्सॲपवर शिक्क्याचा कागद आला, इंग्रजीत, वर ‘टोबॅको बोर्ड’. खरं तंबाखू मंडळ 1975 च्या कायद्यानं झालं, मुख्यालय गुंटूरला, आणि त्याची उत्पादक नोंदणी व्हर्जिनिया तंबाखूची असते. धुळ्यातल्या चाळीस रोपांची नोंदणी कोणी फोनवर करून देत नाही. शिवाय घरी वळलेली सिगार विकायची म्हटली की कर, पाकिटावरचा सचित्र इशारा, तंबाखूच्या मालावरचा 2003 चा कायदा, हे सगळं आलं. छंद आणि विक्री यांच्यात मोठं अंतर आहे, ते कोणी 15,000 रुपयांत पार करून देत नसतो.

दिवाळीत सुरतेला साडूंकडे गेलो. सोबत पानांची जुडी नेली होती, कौतुकानं दाखवायला. त्यांच्याकडे गुजरातच्या चरोतर भागातले एक तंबाखू पिकवणारे शेतकरी आले होते. त्यांनी जुडीतलं एक पान उचललं, अंगठा देठावरून फिरवला, वास घेतला आणि विचारलं, “फूल पिवळं होतं ना?” मी हो म्हटलं. ते म्हणाले, ही कलकत्ती. आमच्याकडे खायला पिकवतात. सिगारची नव्हे. दोन मिनिटं लागली त्यांना. मला सव्वा वर्ष लागलं होतं.

त्या रात्री त्याला फोन केला. नंबर बंद. आजही बंदच आहे.

1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात अर्ज दिला. तिथे समजलं की पैसे गेल्या गेल्या कळवलं तर पुढच्या खात्यात ते अडवता येण्याची शक्यता असते, महिने उलटल्यावर हाती फार काही लागत नाही. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत फीही नाही. पण नोटीस कोणत्या पत्त्यावर पाठवायची? माझ्याकडे फक्त बंद पडलेला नंबर आणि एक यूपीआय आयडी. पाकिटं आली ती कुरियरची वेष्टनं मी त्याच दिवशी चुलीत घातली होती.

बी घ्यायचंच असेल तर पाकिटावर पत्ता, लॉट आणि तारीख बघा, बिल घ्या. रोपाला सहावं-सातवं पान आलं की देठ बघा, फूल येईपर्यंत थांबूच नका. रॅपर आलं की ओल्या पांढऱ्या फडक्यानं पुसा आणि पुडा उघडतानाचा व्हिडिओ काढा. ‘मुरू द्या’ असं कोणी म्हणालं, तर मुरेपर्यंत त्याला एक रुपयाही पाठवू नका.

गेल्या आठवड्यात शिरपूरहून एका गृहस्थांचा फोन आला. साडूंच्या ओळखीतून नंबर मिळाला म्हणाले. नंबर वेगळा, पण बोलणं तेच, ‘काका’ तेच. त्यांच्या रोपांना नुकतीच पिवळी फुलं आली आहेत आणि त्यांना उन्हाचंच कारण सांगितलं गेलं आहे. त्यांचे आठ हजार गेले आहेत, शेवटचे चार दिवसांपूर्वी. मी त्यांना तेव्हाच्या तेव्हा 1930 लावायला सांगितलं. आणि त्यांनी कुरियरचं वेष्टन जपून ठेवलं आहे, त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता आहे. सोमवारी ते धुळ्याला येत आहेत, दोघं मिळून पोलीस ठाण्यात जाणार आहोत. तुमच्याकडे असं चांदीच्या कागदाचं पाकीट आलं असेल तर त्याच्यावरचं वेष्टन टाकू नका.