वस्तीतला चित्रपट महोत्सव: कुठं बसावं आणि काय सुधारावं

छत्रपती संभाजीनगरातल्या सिडको-हडको भागात पौषात भरणारा हा छोटा महोत्सव जरूर पाहावा, आणि त्याचं पहिलं कारण चित्रपटांची निवड. याच शहरात अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव होतो तो मल्टिप्लेक्समध्ये. तिथल्या पडद्याची नि आवाजाची बरोबरी समाजमंदिरात होणार नाही, आणि कुणी तशी अपेक्षाही धरू नये. पण तिकडं जायचं तर घरचं सगळं उरकून निघावं लागतं. इथं चपला सरकवून कोपऱ्यापर्यंत गेलं की इराणी, बंगाली, मल्याळम चित्रपट समोर, शिवाय बीड-परभणीकडच्या पोरांनी केलेले लघुपट. प्रवेश मोफत, दारातल्या वहीत नाव लिहिलं की झालं. मोफत असूनही प्रत्येक चित्रपटासाठी निर्मात्याची परवानगी घेतलेली असते आणि तसं पडद्यावर येतं. ओटीटीचं वर्गणीचं खातं उघडून चौकात सिनेमा लावता येत नाही, हे अजून बऱ्याच मंडळांना ठाऊक नाही. इथल्या मंडळींना ठाऊक आहे.

मात्र समाजमंदिर, वाचनालय, शाळेचं पटांगण आणि मंगल कार्यालय या चारही ठिकाणी सारखा अनुभव मिळत नाही. फरक पडतो तो चित्रापेक्षा आवाजानं.

समाजमंदिर सगळ्यात मोठं, गर्दीही तिथंच. खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब, भिंतींना ऑइलपेंट. एक टाळी वाजवून बघा, आवाज कितीतरी वेळ घुमत राहतो. अशा जागेत एका शब्दाचं शेपूट पुढच्या शब्दावर चढतं आणि वाक्य कळेनासं होतं. आयोजकांनी नेमके मराठी लघुपट इथं ठेवले, गावाकडची बोली, भराभर बोललेली. मागच्या निम्म्या लोकांना ती कळली नाही. उपशीर्षकं असलेला परभाषेतला चित्रपट इथं बिनघोर चालला असता, कारण तो वाचून कळतो. मराठी लघुपट वाचनालयात आणि इराणी चित्रपट समाजमंदिरात, एवढी अदलाबदल केली तरी अर्धं काम होईल.

उरलेल्या अर्ध्यासाठी फार पैसा लागत नाही. फरशीभर सतरंज्या हव्यात, अर्ध्या भागात नकोत. मागच्या भिंतीवर जाड वाकळा टांगाव्यात, त्याही भिंतीला चिकटवून नाही, वीतभर अंतर सोडून. मधल्या हवेमुळं घुमणारा आवाज जास्त शोषला जातो. स्पीकर आज स्टेजवर, छताकडं तोंड केल्यासारखे उभे असतात. ते बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या थोडे वर ठेवून खाली झुकवले पाहिजेत. मागच्यांना ऐकू येत नाही म्हणून पुढचा आवाज वाढवणं हा चुकीचा इलाज, त्यानं घुमणं तेवढं वाढतं. हॉलच्या मध्यावर दोन लहान स्पीकर लावावेत आणि आवाजाच्या मिक्सरवर त्यांना थोडा उशीर द्यावा. आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो, म्हणजे तीस फुटांवरच्या स्पीकरला सुमारे २७ मिलिसेकंद. उशीर न देता लावले तर दोन्हीकडचे आवाज मागंपुढं पोचतात आणि मागच्यांना शब्द पुसट ऐकू येतात.

यंदाच्या एका खेळात संगीत कानठळ्या बसवणारं आणि संवाद कुजबुजल्यासारखे होते. लोकांनी स्पीकरला बोल लावला, पण स्पीकर ठीक होते. फाइल ५.१ आवाजाची, म्हणजे वेगवेगळ्या स्पीकरांसाठी आवाजाचे सहा वेगळे चॅनल असलेली होती. तीत संवाद बहुतेक मधल्या चॅनलवर असतात. लॅपटॉपमधून डावा-उजवा असे दोनच चॅनल बाहेर पडले आणि मधला गाळला गेला, तर माणसं ओठ हलवताना दिसतात नि ऐकू येतो तो पाऊस, गाडी, सनई. प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये सगळे चॅनल स्टिरिओत मिसळायचा पर्याय असतो. खेळाच्या आदल्या दिवशी संवाद असलेला एखादा प्रसंग दोन मिनिटं लावून पाहिला की हे लगेच लक्षात येतं. नुसती नावं येणारी सुरुवात पाहून तपासणी झाली असं समजू नये.

वाचनालयाचा पहिला मजला हे महोत्सवातलं सगळ्यात चांगलं ठिकाण. माणसं कशीबशी चाळीस मावतात, पण तिन्ही भिंतींना पुस्तकांची कपाटं आहेत आणि पुस्तकांइतका चांगला आवाजशोषक वस्तीत दुसरा नाही. कुजबूजसुद्धा स्वच्छ ऐकू येते. आठ फुटी पडद्याला ३००० लुमेनचा (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) प्रोजेक्टर अंधारात भरपूर होतो. तिसऱ्या रांगेत बसा. पहिल्या दोन रांगांना मान वर करावी लागते आणि शेवटच्या रांगेच्या कानाशी प्रोजेक्टरचा पंखा घरघरतो. एकच खटकतं: प्रोजेक्टर बाजूला सरकवून चित्र कीस्टोननं (तिरकं पडलेलं चित्र सरळ करायची प्रोजेक्टरमधली सोय) चौकोनी केलेलं असतं. तसं केल्यावर चित्राच्या काठांवर अक्षरं मऊ पडतात. टेबल पडद्याच्या बरोबर मध्यावर आणून प्रोजेक्टर न झुकवता ठेवला की कीस्टोनची गरजच उरत नाही.

शाळेच्या पटांगणावरचा पडदा सोळा बाय नऊ फुटांचा, दिसायला झकास. पण साडेसहाचा खेळ इथं लवकर पडतो. जानेवारीच्या मध्याला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तरी आभाळातला उजेड जायला पाऊण तास लागतो, तोवर चित्र पांढुरकं दिसतं. खेळ सातला ठेवावा. पडदा बांबूला वरून आणि बाजूंनी बांधलेला होता, खालून मोकळा. वारा आला की तो शिडासारखा फुगतो आणि माणसांचे चेहरे लांबट होतात. खालच्या काठालाही हातभर अंतरावर दोऱ्या हव्यात. आणि तो काठ जमिनीपासून तीनच फुटांवर होता. पुढं सतरंजीवर लेकरं, मागं खुर्च्यांवर मोठी माणसं, त्यामुळं तळातली उपशीर्षकं चौथ्या रांगेपासून डोक्यांआड गेली. रुंद चौकटीच्या चित्रपटात तर उपशीर्षकं खालच्या काळ्या पट्टीत असतात, ती आधी दिसेनाशी होतात. काठ पाच फुटांवर न्यावा, नाहीतर प्लेअरमध्ये उपशीर्षकं वर सरकवावीत. बघणाऱ्यांनी शाल आणावी, आठनंतर थंडी अंगात शिरते.

मंगल कार्यालयाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खुर्च्या चांगल्या, पार्किंग आहे, मात्र दुपारच्या खेळाला काचेच्या खिडक्यांतून ऊन येतं. काळं कापड लावा, पांढरे पडदे पुरत नाहीत.

उपशीर्षकांबद्दल मनापासून दाद द्यायची आहे. कार्यकर्त्यांनी ती स्वतः मराठीत केली, आणि ती पुस्तकी नाहीत. आजी नातवाला जसं बोलेल तसं पडद्यावर येतं, ओळीही आखूड, वाचून डोळे चित्राकडं परत जातात. दोन चुका दुरुस्त कराव्यात. एका चित्रपटात जोडाक्षरं तुटून ‘प्रश्न’ हा शब्द पायमोडका दिसत होता. त्यासाठी फाइल यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची संगणकी पद्धत) जतन करावी आणि प्लेअरमध्ये देवनागरीचा फॉन्ट निवडावा. दुसऱ्यात उपशीर्षकं हळूहळू मागं पडत गेली. चित्रपट सेकंदाला २५ चौकटींचा (फ्रेमचा) आणि उपशीर्षकं २४ च्या प्रतीवरून केलेली असली की शंभर मिनिटांत चार मिनिटांचा फरक पडतो. सुरुवात जुळते, शेवट पार बिघडतो. म्हणून शेवटची पाच मिनिटं तपासावीत.

वीज गेल्यावर काय होतं, तेही सांगायला हवं. प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि दोन स्पीकर मिळून भार एक किलोवॅटच्या आत राहतो, घरचा चांगला इन्व्हर्टर पुरतो. पण तो यूपीएस मोडवर हवा. साध्या मोडवर वीज जाताना क्षणभर खंड पडतो, तेवढ्यात प्रोजेक्टर बंद होतो, आणि दिव्याचा असेल तर थंड होऊन पुन्हा पेटायला काही मिनिटं घेतो. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) घ्यावा, नाहीतर स्पीकरमध्ये गुणगुण येते.

खेळानंतरच्या गप्पा ही इथली खरी कमाई. मल्टिप्लेक्समध्ये दिवे लागले की लोक पार्किंगकडं धावतात. इथं किराणा दुकानदार दिग्दर्शकाला विचारतो की शेवटी बैल का विकला, आणि दिग्दर्शकाला उत्तर द्यावं लागतं. पण खेळ अर्धा तास उशिरा सुरू होतो आणि रात्री दहानंतर उघड्यावरचा ध्वनिक्षेपक बंद करावाच लागतो, म्हणून कात्री लागते ती गप्पांना. पाहुण्यांचे सत्कार गाळा, वेळ आपोआप निघेल. मध्यंतरातला सुशीला (मुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ) उत्तम, द्रोणात देतात त्यामुळं वेफर्सच्या पुड्यांसारखी कुरकुर होत नाही.

राहिली तारीख. पौषात लग्नं नसल्यामुळं कार्यालय रिकामं मिळतं, हा हिशेब बरोबर. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा सुरू होते, तेव्हा स्पीकर लावला तर शेजारी हरकत घेणारच. पण संक्रांत ते रथसप्तमी संध्याकाळी घरोघर हळदीकुंकू असतं, आणि यंदा सातच्या खेळाला बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. ज्या लघुपटांत विहिरीवरच्या, ऊसतोडीवरच्या बायांची गोष्ट आहे, ते त्यांच्याविनाच दाखवले गेले. हे लघुपट दुपारी दोनला वाचनालयात लावावेत आणि वाणाच्या ताटासोबत खेळाचं वेळापत्रक घरोघर पोचवावं.