खानापूरच्या बाजूचे साधनागृह: मौनाच्या शिबिराविषयी एका मेथडिस्ट सभासदाचा अभिप्राय

बेळगावहून खानापूरच्या दिशेने गेल्यावर, जेथे भातशेते संपून रान सुरू होते त्या भागात, धर्मभगिनींनी चालवलेले एक लहान साधनागृह आहे. शुक्रवारी संध्याकाळी चहाच्या वेळी दाखल व्हावे, रविवारी दुपारचे जेवण घेऊन निघावे आणि मधल्या काळात मार्गदर्शन करणाऱ्या भगिनीखेरीज कोणाशीही बोलू नये, असे तेथील शिबिराचे स्वरूप आहे. शिबिर कॅथलिक पद्धतीचे असले तरी इतर मंडळ्यांच्या विश्वासणाऱ्यांनाही तेथे प्रवेश मिळतो. मी स्वतः मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीचा सभासद असून त्याच नात्याने हा अभिप्राय लिहीत आहे. प्रसिद्धी नको असे भगिनींनी आवर्जून सांगितल्यामुळे साधनागृहाचे नाव देत नाही. ज्यांना जायचे आहे त्यांनी बेळगावातील एखाद्या कॅथलिक चर्चच्या कार्यालयात चौकशी करावी.

झाडी, शांतता आणि स्वच्छ खोली एवढ्याचीच अपेक्षा असेल, तर जांबोटीच्या बाजूला राहण्याच्या इतर सोयी आहेत आणि तेथे गरम पाणीही वेळेवर मिळते. आपल्या विश्वासाच्या जीवनात गेली कित्येक वर्षे काहीच हललेले नाही हे ज्याच्या ध्यानात आले आहे, आणि त्याबाबत ठरवून काही करण्याची ज्याची तयारी आहे, त्याच्यासाठी हे शिबिर आहे. तयारी नसलेल्या माणसाला शनिवारी दुपारपर्यंत कंटाळा येईल, आणि त्यात शिबिराचा दोष नसेल.

आपल्याकडील बहुतेक मंडळ्यांमध्ये आध्यात्मिक वाढ ही वयाबरोबर आपोआप होते असे गृहीत धरलेले असते. बाप्तिस्मा होतो, रविवारची शाळा होते, दृढीकरण होते, युवक संघात काही वर्षे जातात, लग्न होते आणि मग माणूस कमिटीवर येतो. त्यानंतर त्याच्या प्रार्थनेचे काय चालले आहे, हे विचारण्याचे कोणाला कारण उरत नाही आणि धाडसही होत नाही. वर्षातून एकदा मांडव घालून उज्जीवन सभा होतात, बाहेरगावचे वक्ते येतात, लोक रडतात, हात वर करतात, आणि मांडव सुटल्यावर सगळे पूर्ववत चालू होते. त्या सभांची मी टिंगल करीत नाही, कारण तेथे खरोखर बदललेली माणसे मी पाहिली आहेत; परंतु बदलाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचे, हे त्या सभा सांगत नाहीत. पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात विश्वासात एकामागून एक गुणांची भर घालण्यासाठी होईल तितका प्रयत्न करा असे स्पष्ट सांगितले आहे, आणि पौल तीमथ्याला सुभक्तीची कसरत करायला सांगतो. आपल्या भागात तालमी आहेत, कुस्तीचे आखाडे आहेत. आखाड्याच्या कडेला बसून वर्षानुवर्षे कुस्त्या पाहणारा माणूस मल्ल होत नाही हे येथल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

शिबिराचा आराखडा लोयोलाच्या इग्नेशियसच्या साधनापद्धतीवर बेतलेला आहे. हा स्पॅनिश सरदार १५२१ साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने जायबंदी झाला, अंथरुणावर पडल्या पडल्या त्याचे मन पालटले, आणि पुढे स्वतःच्या साधनेतून त्याने जे टिपून ठेवले त्याला पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली मान्यता दिली. बेळगावकरांना त्याने स्थापन केलेला जेझुइट संघ सेंट पॉल्स हायस्कूलमुळे ठाऊक आहे. त्यांच्या साधनापद्धतीशी मात्र शाळेबाहेरच्या माणसांचा संबंध फारसा आलेला नाही. मूळ साधना सुमारे तीस दिवसांची, चार टप्प्यांची आणि पूर्ण एकांतातील आहे. ज्यांना कामधंदा सोडून इतके दिवस जाता येत नाही, त्यांनी घरी राहून रोज ठरावीक वेळ देत ती दीर्घकाळ करावी, अशी सवलत इग्नेशियसनेच देऊन ठेवली आहे. हे शिबिर म्हणजे त्या घरगुती साधनेची ओळख आहे, आणि भगिनीही पहिल्याच संध्याकाळी तसेच सांगतात. दोन दिवसांत कोणाचेही जीवन बदलून देण्याचा दावा त्या करीत नाहीत, ही गोष्ट मला विशेष विश्वासार्ह वाटली.

शनिवारचा सकाळचा वेळ मार्काच्या दहाव्या अध्यायातील बार्तीमयाला दिलेला असतो. उताऱ्याचे वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन या जुन्या चार पायऱ्या थोडक्यात समजावून दिल्या जातात, आणि मग प्रत्येकाने झाडाखाली किंवा व्हरांड्यात जाऊन बसायचे असते. यरीहोच्या रस्त्यावर ओरडणारा आंधळा समोर आल्यावर येशू त्याला विचारतो की, मी तुझ्यासाठी काय करावे. आंधळ्याला काय हवे असणार हे उघड असताना हा प्रश्न का, यावर मी पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. परंतु तोच प्रश्न आपल्याला विचारला आहे असे समजून, उत्तर कागदावर एका वाक्यात लिहा, असे कोणी सांगितले नव्हते. उत्तर लिहिणे अवघड जाते. ‘चांगला ख्रिस्ती होणे’ असे लिहिलेला कागद मार्गदर्शक भगिनी परत देतात आणि नेमके काय, असे विचारतात.

ही वैयक्तिक भेट शिबिराचा गाभा आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. प्रत्येकाला शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी वेगळा वेळ मिळतो. माझ्याशी बोललेल्या भगिनी वयस्क होत्या, मराठी उत्तम बोलत होत्या, आणि त्यांनी उपदेश जवळजवळ केलाच नाही. आज प्रार्थनेत काय झाले, कोठे मन रमले, कोणत्या वचनापाशी आल्यावर पान उलटावेसे वाटले, एवढेच त्या विचारीत. शेवटच्या प्रश्नावर त्या हमखास थांबत. मनुष्य ज्या जागी पान उलटतो तेथेच पुढच्या बैठकीत पुन्हा बसायला सांगणे, ही त्यांची रीत. सल्ल्यांचा भडिमार सहन करण्याची सवय झालेल्या आपल्या लोकांना ही पद्धत प्रथम तुटक वाटेल.

रात्री झोपण्यापूर्वीचे दिवसाचे परीक्षण हा दुसरा भाग. यासाठी पाव तास पुरतो. आधी दिवसभरात मिळालेल्या गोष्टींबद्दल उपकारस्मरण, मग दिवस नीट दिसावा म्हणून पवित्र आत्म्याच्या प्रकाशाची याचना, नंतर सकाळपासूनचे प्रसंग क्रमाने डोळ्यांसमोर आणणे, जेथे चुकले तेथे क्षमा मागणे आणि उद्याच्या एखाद्या प्रसंगासाठी सामर्थ्य मागणे, असा त्याचा क्रम आहे. आपल्या मंडळ्यांत कबुलीची प्रार्थना असतेच, परंतु ती सर्वसाधारण असते: विचाराने, शब्दाने व कृतीने पाप केले, असे सगळे एका सुरात म्हणतात. येथे दुपारी गिऱ्हाइकाशी काय बोललो आणि आईच्या औषधाच्या खर्चावरून भावाशी काय बोललो, इतक्या खाली उतरावे लागते. सुरुवात उपकारस्मरणाने असल्यामुळे हे परीक्षण आरोपपत्र होत नाही. दिवसातली चांगली गोष्ट आठवायला जितका वेळ लागतो, तितका दोष आठवायला लागत नाही, असे एक भगिनी हसत म्हणाल्या.

येथे एक आक्षेप मनात येतो, आणि तो प्रोटेस्टंट वाचकांच्या मनात येणारच. तारण कर्मांनी नव्हे, देवाच्या कृपेने आहे, तर हा सारा खटाटोप कर्मांकडे नेणारा नाही काय? माझे मत असे की, आक्षेप योग्य असला तरी या शिबिराला तो लागू पडत नाही. फिलिप्पैकरांस पत्रात पौल आपले तारण साधून घ्या म्हणतो आणि लगेच पुढच्या वचनात इच्छा व कृती दोन्ही देवच तुमच्यात घडवतो असे सांगतो. ही दोन वाक्ये एकमेकांपासून तोडली की एकीकडे आळस येतो आणि दुसरीकडे अहंकार. शिबिरात प्रयत्नांची यादी वाढवण्यापेक्षा ती कमी करण्यावरच भर होता.

हे रविवारी सकाळी दिसते. घरी गेल्यावर पाळायचा लहानसा जीवननियम प्रत्येकाने लिहून आणायचा असतो. बहुतेक जण उत्साहाच्या भरात पहाटेची तासभर प्रार्थना, वर्षभरात संपूर्ण बायबल, बुधवारचा उपवास आणि दर आठवड्याला रुग्णभेट असे सगळे लिहितात. भगिनी ड्युटीची वेळ विचारतात, घरात पहाटे चहा कोण करते ते विचारतात, सासूसासरे सोबत राहतात का तेही विचारतात, आणि निम्म्याहून अधिक ओळी खोडतात. माझ्या कागदावर रात्रीचे परीक्षण, रोज एक स्तोत्र मोठ्याने वाचणे आणि चर्चला येऊ न शकणाऱ्या एका वृद्ध सभासदाकडे शनिवारी जाणे, एवढेच उरले.

शिबिरानंतर जे होते त्यावरून मी या सेवेचे मूल्य ठरवतो. महिन्यातून एकदा बेळगावात कॅम्पच्या (छावणीच्या) बाजूला लहान गट बसतो. गटात बाराहून अधिक माणसे नसतात, प्रवचन नसते, आणि प्रत्येकाने आपला नियम पाळला की नाही एवढे सांगायचे असते. मला हे ओळखीचे वाटले, आणि वाटायलाच हवे होते. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याच्या मंडळ्यांमध्ये १७४२ साली ब्रिस्टलमध्ये सुरू झालेले ‘क्लास’ हेच होते: सुमारे बारा जणांचा गट, एक पुढारी, आणि प्रत्येकाच्या आत्म्याची विचारपूस. त्यांचा उगमही गमतीदार आहे. प्रार्थनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी आठवड्याला एकेक पेनी गोळा करायला माणसे नेमली, ती घरोघर जाऊ लागली तेव्हा लोकांच्या जीवनाची खरी स्थिती कळली, आणि वर्गणीच्या निमित्ताने मेथडिस्टांची सर्वांत परिणामकारक रीत जन्माला आली. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८२० साली सुरू झाले व विसाव्या शतकाच्या आरंभी ते मेथडिस्टांकडे आले. त्या वारशातील वर्गणी आपण नीट सांभाळली आहे. विचारपुशीसाठी मात्र मला धर्मभगिनींच्या दारी जावे लागले.

गटात ऐकलेले बाहेर न्यायचे नाही हा नियम कडक आहे आणि बेळगावात तो तसाच हवा, कारण येथील ख्रिस्ती समाजात कोणी ना कोणी कोणाचा तरी मामा किंवा मेहुणा निघतोच. निपाणी, चिकोडीकडच्या लोकांना मात्र महिन्याच्या बैठकीला येणे परवडत नाही. त्यांच्याशी फोनवर बोलले जाते, आणि निपाणीच्या एका सहशिबिरार्थींच्या सांगण्यानुसार फोनवर ‘सगळे ठीक आहे’ म्हणून सुटणे सोपे जाते. तेथे स्थानिक गट उभा राहील तोवर ही उणीव राहणार.

उणिवा आणखीही आहेत. शनिवारी दुपारचे व्याख्यान फार लांबले आणि ते इंग्रजीत व कोंकणीत झाले. मराठीसाठी जी झेरॉक्स दिली होती, तिच्यातील वाक्ये वाचून अर्थ लावण्यापेक्षा इंग्रजी ऐकणे सोपे होते. सीमाभागात एका खोलीत तीन-चार भाषांची माणसे बसतात हे मला कळते, आणि प्रत्येकाची सोय लावणे सोपे नाही हेही कळते. तथापि ज्या शिबिराचा सारा भर माणसाने आपल्या अंतःकरणातील गोष्ट बोलावी यावर आहे, तेथे ती ज्या भाषेत बोलली जाते त्या भाषेची कागदपत्रे तरी नीट असावीत. संध्याकाळच्या भक्तीतही गिटारवर इंग्रजी गाणी झाली. नारायण वामन टिळकांची भजने पाठ असलेली माणसे समोर बसलेली असताना पेटी आणि टाळ काढायला काय हरकत होती, हे मी अभिप्रायाच्या वहीत लिहून आलो आहे.

रविवारच्या मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनाविधीत, कॅथलिक नसलेल्यांना ख्रिस्तशरीर (प्रभुभोजनाची भाकर) दिले जात नाही. त्यांच्या चर्चचा तो नियम आहे, आणि भगिनी शुक्रवारीच तो शांतपणे सांगतात, त्यामुळे ऐनवेळी अवघडल्यासारखे होत नाही; छातीवर हात जुळवून पुढे गेल्यास आशीर्वाद मिळतो. ज्यांना हे मनाला लागेल त्यांनी जाण्यापूर्वीच विचार करावा.

जेवण साधे आणि भरपूर असते. भाकरी, आमटी, शेंगांची चटणी आणि एखादी पातळ भाजी मिळते, तर रविवारी कोंबडीचा रस्सा असतो. खोल्या स्वच्छ आहेत, परंतु निम्म्या खोल्या वरच्या मजल्यावर असून जिना उंच आहे, तेव्हा गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी नाव देतानाच खालची खोली मागावी. लहान मुले असलेल्या स्त्रियांना शुक्रवारी संध्याकाळी घर सोडणे जमत नाही. त्यांच्यासाठी शनिवारचे एकदिवसीय शिबिर ठेवावे, ही सूचना अनेकांनी केली आहे. शुल्क ठरलेले नाही. निघताना पाकिटात जमेल ते ठेवायचे असते, आणि कोणी किती ठेवले हे पाहिले जात नाही.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या, दिवसांत जागा लवकर भरतात, म्हणून नाव बरेच आधी द्यावे. सोबत मराठी पवित्र शास्त्र, वही आणि बॅटरी न्यावी, कारण पावसाळ्यात वीज वरचेवर जाते. मोबाइल शुक्रवारी कार्यालयात जमा करावा लागतो, त्यामुळे घरच्यांना कार्यालयाचा क्रमांक आधीच देऊन ठेवावा. आणि रविवारी दुपारी मुख्य रस्त्यापर्यंत यायला वाहन सहसा मिळत नसल्यामुळे परतीची सोय जातानाच करून ठेवावी.