पूर्व भागातली खोली, कुंभारीचं घरकुल की हद्दवाढीतला अर्धा गुंठा?

सोलापुरात विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर राबणाऱ्या कुटुंबानं घराचा विचार काढला की या तीन गोष्टींवर चर्चा येऊन थांबते. बहुतेक जण भाडं आणि हप्ता यांची बेरीज-वजाबाकी करतात. माझ्या मते आधी घरात काम कोण करतं आणि ते कुठं बसून करतं, ते बघावं.

विडीचं काम घरातच होतं. बाई उजेडासाठी उंबऱ्याजवळ बसते, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, बाजूला दोऱ्याचं रीळ. हजार विड्या होईपर्यंत ती तिथून फारशी हलत नाही. मग विड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या, खराब म्हणून काढलेल्यांवरून वाद घालायचा आणि दुसऱ्या दिवसाची पानं-तंबाखू घेऊन परतायचं. त्यामुळे तिच्यासाठी घर म्हणजे कामाची जागाही.

हा हिशेब धरला तर शहराच्या पूर्व भागातली, म्हणजे विणकर-विडी कामगारांच्या जुन्या वस्तीतली भाड्याची खोली वाटते तितकी वाईट ठरत नाही. कारखाना चालत जाण्याजोगा, शाळा आणि दवाखाना जवळ, शेजारपाजार आपल्याच कामातला. पण वर पत्रा असेल तर एप्रिल-मेमध्ये दुपारी आत बसवत नाही. पाणी काही दिवसांआड, तेही एका नळावर चार बिऱ्हाडं. अकरा महिन्यांनी मालक भाडं वाढवणार हे धरूनच चाला. दहा वर्षं भाडं भरूनही नावावर काहीच होत नाही, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे.

कुंभारी अक्कलकोट रस्त्यावर, शहरापासून दहा-बारा किलोमीटर. इथं कामगारांच्या घरांचा इतिहास जुना आहे. गोदूताई परुळेकर यांच्या नावाची विडी कामगार महिलांची १० हजार घरांची वसाहत २००६ साली इथंच उभी राहिली. त्यामागं माकपचे माजी आमदार नरसय्या आडम मास्तरांच्या कामगार संघटनेची लढाई होती. रे नगर ही त्याचीच पुढची पायरी. ३० हजार घरांचा हा प्रकल्प, २०१९ च्या जानेवारीत भूमिपूजन, १९ जानेवारी २०२४ ला पहिल्या १५ हजार घरांचं लोकार्पण. पंतप्रधान आवास योजनेतून केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, बाकीचा भार लाभार्थ्यावर. छत सिमेंटचं, संडास आपला स्वतःचा, आणि नाव बाईचं किंवा दोघांचं. हे शेवटचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

अडचण अंतराची. नवरा अक्कलकोट रोड एमआयडीसीत मागावर असेल तर कुंभारी सोयीचं, कारखाना वाटेतच आहे. रात्रपाळीनंतरही दुचाकीवर घरी पोचता येतं. पण तो शहराच्या दुसऱ्या टोकाला कामाला असेल तर पेट्रोल नाहीतर रिक्षाचं भाडं बटवड्यातूनच, म्हणजे हाती येणाऱ्या मजुरीतूनच जाणार. बाईनं तर आधी कारखान्यात विचारावं, त्यांची ब्रँच तिकडं आहे का आणि आपलं नाव तिथं बदलून मिळेल का. 'नाही' म्हणाले तर रोज विड्यांची पिशवी घेऊन शहरात यायचं, आणि त्या दोन-तीन तासांत किती विड्या बुडाल्या तेही हप्त्यात धरायचं.

एक सावधगिरी. कुणी "माझं घरकुल देतो, स्टॅम्पवर नोटरी करून घेऊ" म्हणालं तर हात जोडा. नोटरीनं मालकी येत नाही, घर मूळ लाभार्थ्याच्याच नावावर राहतं.

हद्दवाढ भागातला, म्हणजे शहराच्या हद्दीत नंतर सामील झालेल्या भागातला प्लॉट दिसायला सगळ्यात मोहक. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, त्यातला अर्धा घ्यायचा आणि जमेल तसं बांधायचं. पण यातले कितीतरी तुकडे गुंठेवारीतले, म्हणजे परवानगी न घेता गुंठ्या-गुंठ्यानं पाडून विकलेले. गुंठेवारी कायद्याखाली ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित करता येते, त्यानंतर पाडलेल्या प्लॉटला त्या कायद्याचा आधार नाही. कागद पक्का नसेल तर बँक कर्ज देत नाही आणि स्वतःच्या जागेवर बांधायचं योजनेचं अनुदानही अडतं. रस्ता आणि ड्रेनेज कधी येईल ते विचारूच नका. हाताशी रोख आणि नियमित झालेला कागद, दोन्ही असतील तरच इकडं वळा.

मी निवड अशी करीन: दोघांचं काम अक्कलकोट रोडच्या पट्ट्यात असेल तर कुंभारी, डोळे झाकून. बाईचा कारखाना शहरात आणि तिचीच कमाई घराचा कणा असेल तर सध्या खोली, पण पत्र्याची नको. मात्र देशात कुठंही पक्कं घर नावावर नसल्याची अट पाळून घरकुलाचा अर्ज आताच भरून ठेवा. आधार, उत्पन्नाचा दाखला, विडी कामगाराचं ओळखपत्र आणि बँक पासबुक, चारहींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते अर्जाआधी तपासा.