गुडघ्याच्या पुडीने गुण आला, तिथेच घात झाला

औषधात फसवणूक म्हटली की पैसे गेले आणि उपयोग काडीचा झाला नाही, असं आपण धरून चालतो. माझ्या आत्याच्या बाबतीत उलटं घडलं. औषधाने झकास गुण आला, आणि सगळं बिघडलं ते त्या गुणामुळेच.

आत्या कराडच्या बाजूला राहते. सत्तरी ओलांडलेली, दोन्ही गुडघे झिजलेले, ऑपरेशनचं नाव काढलं की विषय बदलणार. गावात एक दिवस भोंगा लावलेली रिक्षा फिरली. मंगल कार्यालयात शिबिर आहे, संधिवात मुळापासून बरा, ऑपरेशनची गरज नाही, तपासणी मोफत. आत्या शेजारणीबरोबर गेली. तिथे पांढरा कोट घातलेल्या मुलाने तिच्या हातात धातूची दांडी धरायला दिली. दांडीची वायर लॅपटॉपला. मिनिटभरात रंगीत रिपोर्ट छापून आला: हाडातलं कॅल्शियम इतकं, वात इतका, यकृताची ताकद इतकी. हाडांची घनता बघायला डेक्सा स्कॅन लागतो, ती दांडी धरून कळत नाही. पण कागद रंगीत होता, त्यावर आत्याचं नाव होतं, आणि इतक्या आपुलकीने तिची विचारपूस याआधी कुठल्याच दवाखान्यात कुणी केली नव्हती. हे लोक मुख्य विकतात ती आपुलकीच.

मग पुढचं ठरलेलं. तीन महिन्यांचा कोर्स, सकाळ-संध्याकाळ एक पुडी कोमट पाण्यातून, बरोबर चोळायला तेल. किंमत साडेचार हजार, "आजी, तुमच्यासाठी" साडेतीन. "हे ॲलोपथी नाही, शुद्ध जडीबुटी आहे, साइड इफेक्टचा प्रश्नच नाही." बिल मागितलं तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागे आकडा लिहून दिला.

दोन-चार दिवसांत आत्याचा फोन. "काय सांगू तुला, धरल्याशिवाय जिना चढले बघ!" तिला भूक लागायला लागली, झोप कमी झाली तरी अंगात उत्साह. पुढे चेहरा भरला, गाल गोल झाले. नातेवाईक म्हणायचे, आत्याच्या तोंडावर तेज आलंय. तिच्या सांगण्यावरून गल्लीतल्या आणखी बायकांनी डबे मागवले. पुढचे डबे कुरिअरने यायचे, पैसे दारात रोख.

हातावर जरा आपटलं तरी काळेनिळे डाग पडत होते. साखर कधी नव्हती ती तपासणीत वाढलेली निघाली. दोन्ही गोष्टी वयावर ढकलल्या गेल्या.

मग एकदा डबा संपला, नवा आला नाही आणि विक्रेत्याचा फोन लागेना. काही दिवसांतच आत्याला उठवेना. उलट्या, चक्कर, अन्नावर वासना नाही. पित्त झालं म्हणून गोळ्या झाल्या. शेवटी रक्तदाब इतका खाली गेला की दवाखान्यात दाखल करावं लागलं. तिथल्या फिजिशियनबाईंनी तोंडाकडे पाहिलं, हातांवरचे डाग पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, कुठल्या पुड्या खाताय का?" आम्ही सगळे एका सुरात, "नाही, फक्त आयुर्वेदिक." त्या हसल्या नाहीत. सकाळचं कॉर्टिसॉल तपासायला पाठवलं. ते तळाला गेलेलं होतं.

त्यांनी समजावलं ते असं. आपल्या मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवतात. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की या ग्रंथी काम सोडून देतात. मग एक दिवस बाहेरचा पुरवठा अचानक थांबला की शरीराकडे काहीच उरत नाही. उलट्या, अशक्तपणा, घसरलेला रक्तदाब ही त्याची लक्षणं, आणि वेळेवर कळलं नाही तर जीवही जातो. म्हणून डॉक्टर स्वतः स्टेरॉइड देतात तेव्हा बंद करतानाही पायरीपायरीने कमी करतात. पुडीवाल्याने पुडीत काय आहे हेच सांगितलेलं नव्हतं, तर कमी कशी करायची हे कुठून सांगणार?

उरलेली पावडर आम्ही खासगी प्रयोगशाळेत दिली. डेक्सामेथासोन निघालं, म्हणजे स्टेरॉइडच. या गोळीची किंमत रुपयाच्याही आत असते. दम्यात, गंभीर ॲलर्जीत, मेंदूला सूज आली तर हेच औषध माणसं वाचवतं, पण ते शेड्यूल एचमधलं आहे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दुकानदाराने देऊ नये असं. झिजलेला गुडघा त्याने बरा होत नाही. सूज आणि दुखणं दबतं, आणि आतून हाडं आणखी ठिसूळ होत जातात.

आयुर्वेदाला शिव्या द्यायला हे लिहीत नाही. पुडीत आयुर्वेद होता कुठे? आमच्या ओळखीच्या वैद्यांनी हा प्रकार ऐकल्यावर आमच्याहून जास्त संताप केला, कारण नाव त्यांच्या शास्त्राचं खराब होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: वर्षानुवर्षांचा गुडघा दोन दिवसांत पळायला लागला, तर पुडी जडीबुटीची नाही असं समजा. हा खेळ गुडघ्यापुरताही नाही. साखरेच्या 'हर्बल' चूर्णात ग्लिबेनक्लामाइड किंवा मेटफॉर्मिन ही मधुमेहाची ॲलोपथी औषधं, ताकदीच्या गोळ्यांत व्हायग्रातलं सिल्डेनाफिल, वजन कमी करण्याच्या कॅप्सूलमध्ये भूक मारणारं आणि भारतात २०११ पासून बंदी असलेलं सिब्युट्रामिन, असे प्रकार वेळोवेळी सापडले आहेत. सूत्र एकच, गिऱ्हाइकाला फरक जाणवला पाहिजे.

आता त्या डब्याबद्दल, कारण खरी हुशारी तिथे होती. डब्यावर चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक होता, आणि विक्रेता तोच 'सरकारमान्य' म्हणून दाखवत होता. तो अन्नपदार्थाचा परवाना आहे, औषधाचा नाही. डब्याच्या तळाशी बारीक इंग्रजीत 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' छापलेलं होतं. म्हणजे तोंडाने औषध विकायचं आणि कागदावर खाद्यपदार्थ म्हणून सुटायचं. आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता, उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच नंबर, घटकांची यादी आणि मुदत लागते. आमच्या डब्यावर परवाना आणि बॅच दोन्हींचा पत्ता नव्हता. आयएसओ, जीएमपी, हिरवं पान असले शिक्के मात्र भरपूर होते. ते कुठलाही छापखाना छापून देतो.

एक गोष्ट मला या प्रकरणातच कळली. ॲलोपथी औषध विकायला दुकानाला परवाना लागतो, पण आयुर्वेदिक औषध विकायला आपल्याकडे विक्री परवाना लागत नाही, फक्त बनवायला लागतो. त्यामुळे मंगल कार्यालयात टेबल मांडून विकणाऱ्याला "तुझा परवाना दाखव" म्हणण्याची सोयच राहत नाही.

जाहिरातीचं तरी काय? १९५४ चा औषधे आणि जादुई उपाय कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात ५४ रोग आहेत, त्यांत संधिवात आणि मधुमेह दोन्ही येतात. हे बरं करतो अशी जाहिरात करणं हा गुन्हा आहे, तोही दखलपात्र. जाहिरातीच्या व्याख्येत पत्रक आणि वेष्टन तर येतंच, तोंडी पुकाराही येतो, म्हणजे रिक्षावरचा भोंगासुद्धा! पण पहिल्या गुन्ह्याला शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने, किंवा नुसता दंड. दुसरा बांध २०१८ च्या अखेरीस घातला होता. औषध नियमावलीत नियम १७० आला, त्यानुसार आयुर्वेदिक औषधाच्या जाहिरातीला आधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची मंजुरी हवी होती. १ जुलै २०२४ ला केंद्राने तो नियमच काढून टाकला. २७ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने फसव्या जाहिरातींच्या खटल्यात त्या काढण्याला स्थगिती दिली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये तो खटला निकाली निघाला तेव्हा स्थगितीही उठली. म्हणजे आधी मंजुरी घ्या, मग जाहिरात करा, हे आज उरलेलं नाही. जाहिरात आधी होते, तक्रार नंतर. माझ्या मते हे चाक उलटं फिरलं आहे, आणि त्याची किंमत खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी मोजायची आहे.

तक्रार करायची झाली तर अन्न व औषध प्रशासनाकडे करा. अर्जात औषध म्हणून विकलं आणि लेबल खाद्यपदार्थाचं आहे, या दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहा, कारण अन्न आणि औषध या तिथल्या दोन वेगळ्या शाखा आहेत. खासगी प्रयोगशाळेचा अहवाल संशयाला पुरतो, खटल्याला पुरत नाही. तिथे औषध निरीक्षकाने रीतसर घेतलेल्या नमुन्याचा सरकारी विश्लेषकाने दिलेला अहवाल लागतो. पैसे परत हवे असतील तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मात्र पावती नसेल तर कुरिअरचं लेबल, फोनवरचे मेसेज, पैसे दिल्याचा पुरावा, जे असेल ते जपून ठेवावं लागतं. आमच्याकडे कुरिअरची एक पिशवी निघाली, ती नशिबाने कचऱ्यात गेली नव्हती.

आत्या घरी आली आहे. कॉर्टिसॉलची जागा भरून काढणाऱ्या हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या चालू आहेत, ग्रंथी पुन्हा कामाला लागायला महिने जातात असं डॉक्टरांनी सांगितलंय. गुडघे होते तसे दुखतात. गल्लीतल्या ज्या बायकांनी तिच्या शब्दावर डबे घेतले होते त्यांच्या घरी ती माझ्या हाताला धरून जाऊन आली. दोघींनी ऐकलं. एकीने तोंडावर सांगितलं, "मला तर फरक पडलाय," आणि पुडी चालूच ठेवली.

आमची तक्रार दाखल आहे, पण आमच्याकडचा डबा फोडलेला, म्हणून पुराव्याला सीलबंद डबा हवा आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर भागात कुणाच्या घरी शिबिरातून आणलेला असा सीलबंद डबा पडला असेल तर फेकू नका, अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या टोल फ्री क्रमांकावर कळवा. आणि घरात कुणी बरेच दिवस अशी पुडी खात असेल तर हे वाचून रागाने ती एकदम बंद करू नका. डबा आणि माणूस दोघांना घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा, आणि पहिलं वाक्य हेच सांगा की यात स्टेरॉइड असण्याचा संशय आहे.