26 हजार दिले, हातात आली 23 पानं

कोल्हापुरात राजारामपुरीत दोघं आहेत, काय बनवायचं ते फक्त कागदावर लिहून देणारे. त्यांच्या कामाचा हा अनुभव. शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. चार सिलिंडरच्या इंजिनाचे कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडझाप करणारे दांडे) आम्ही जॉबवर करून देतो. एका शाफ्टवर आठ लोब, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे उंचवटे. प्रत्येक लोबची लिफ्ट (तो किती उचलतो ते) डिव्हायडिंग हेड, म्हणजे अंशाअंशानं फिरवायचं साधन, आणि डायलवर तपासायची म्हणजे एकेक अंश फिरवा, वाचा, वहीत लिहा. एका शाफ्टला पाऊण तास जातो, म्हणून सगळे तपासतच नाही, पंधरातला एक काढतो. मागच्या वर्षी एक लॉट परत आला आणि डोकं फिरलं. ठरवलं, आठही लोब एका फेऱ्यात मोजणारं बेंच करायचं.

पहिल्यांदा एकाला काम दिलं (नाव सोडा). त्यानं आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर एक स्केल (लिफ्ट मोजून सिग्नल देणारी पट्टी) जोडून दाखवली, झकास चालली. मग आठ स्केल आणि शाफ्ट किती फिरला ते सांगणारा एन्कोडर मिळून नऊ झाल्यावर आकडे सैरावैरा पळायला लागले. उनोवर खास इंटरप्टसाठीच्या (सिग्नल आला की हातातलं काम थांबवून तो लगेच टिपणाऱ्या) पिना दोनच असतात, हे मला नंतर कळलं. त्याला आधी माहीत असायला हवं होतं. गडी अ‍ॅडव्हान्स आणि प्रोग्राम दोन्ही घेऊन गेला, आता फोन उचलत नाही.

त्यानंतर कुणीतरी कानात घातलं, एफपीजीए लावा. म्हणजे अशी चिप की जिच्या आतलं सर्किटच आपल्याला हवं तसं जुळवता येतं, आणि नऊच्या नऊ मोजण्या एकाच वेळी, कुणी कुणासाठी न थांबता चालतात. कोटेशनं मागवली. एक 60 हजार, एक सहा लाख. एवढा फरक कशामुळे, हे मलाही सांगता येईना आणि त्यांनाही.

तेव्हा राजारामपुरीतल्या या दोघांकडे गेलो. एक मुलगी, एक मुलगा, दोघं तिशीच्या आतले. हे बोर्ड बनवत नाहीत. काय बनवायचं आणि काय बनवायचं नाही, एवढंच लिहून देतात. फी 22 हजार, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 25,960. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "कागदाचे?" नाव मात्र इथे देत नाही. चार महिने ते नवं काम घेणार नाहीत, म्हणून नाव देऊ नका असं त्यांनीच बजावलंय.

पहिल्या बैठकीत मी जाऊन बसलो आणि म्हणालो, एफपीजीए पाहिजे. मॅडम म्हणाल्या, "काका, ते शेवटी बघू. एका फेऱ्यात किती ठिकाणी वाचायचंय?" मी म्हटलं, जेवढं जास्त तेवढं चांगलं. त्यांनी कागद ओढला. एन्कोडर 3600 पल्सचा, चौपट करून एका फेऱ्याचे 14,400 काउंट. प्रत्येक काउंटला आठ लोब वाचले तर एका फेऱ्यात 1,15,200 वाचनं. एका वाचनाला चार बाइट. शॉपमधल्या पीसीला साध्या सिरियल केबलनं सेकंदाला 115200 बिटच्या वेगानं पाठवायचं तर, एका बाइटला दहा बिट धरून, सेकंदाला 11,520 बाइट जातात. म्हणजे फेरा तीन सेकंदांचा आणि त्याचा डेटा पोचायला चाळीस सेकंद. मग विचारलं, "ड्रॉइंगमध्ये लिफ्ट किती अंशांना दिलीय?" मी ड्रॉइंग उघडलं. एकेका अंशाला. तीनशे साठ ठिकाणं, आठ लोब, चार बाइट: 11,520. बरोब्बर एक सेकंद. माझं "जेवढं जास्त" तिथंच मिटलं. दरवेळी चाळीस काउंट मोजायचे आणि आठही आकडे एकाच क्षणी पकडायचे, एवढीच गोष्ट कागदावर राहिली.

एफपीजीए लागणार की नाही, हे तिसऱ्या बैठकीत ठरलं. एसटीएम32 या तयार कंट्रोलरच्या एफ4 मधल्या चिपेत एन्कोडर मोजणारे टायमर सहा मिळतात, आमच्या जागा नऊ. म्हणून एफपीजीएच. "तुमचे लोब पाच असते तर मी एफपीजीए नकोच म्हटलं असतं," हे त्या मुलाचं वाक्य. समोर गिऱ्हाईक महागाचं मागत असताना असं बोलणारा माणूस मला धंद्यात क्वचित भेटलाय. (त्यानंच सांगितलं, झायलिंक्सनं असली पहिली चिप 1985 ला काढली, तिच्यात 64 लॉजिक ब्लॉक होते. आमचं जुनं लेथ त्याच सालचं. ते अजून चालतंय.)

दुसरी बैठक मात्र शॉपवर झाली, आणि माझे पैसे तिथंच वसूल झाले. मॅडम दोन तास आमच्या ऑपरेटरशेजारी स्टुलावर बसून होत्या. त्यानं सवयीप्रमाणं शाफ्ट हातानं फिरवला, थोडा पुढं गेला म्हणून जरा मागं घेतला, परत पुढं. आम्ही हे रोज करतो, लक्षातही येत नाही. मॅडमनी लगेच विचारलं, "असं मागं-पुढं झालं तर तोच अंश दोनदा लिहिला जाईल. तेव्हा काय करायचं?" मी ऑपरेटरकडं बघितलं, तो माझ्याकडं. शेवटी ठरलं, उलटं फिरलं की तो फेरा बाद आणि एन्कोडरची शून्याची खूण परत आल्याशिवाय मोजणी सुरू नाही. लाईट गेली तरी तेच. कागदात हा चौदावा मुद्दा आहे.

ऑपरेटरला विचारलं, स्क्रीन केवढी पाहिजे? तो म्हणाला, "मालक, हाताला तेल असतंय. एक हिरवा, एक लाल दिवा द्या, बास." माझ्या पोराला वाय-फाय, मोबाइल अ‍ॅप, कायकाय पाहिजे होतं. ते सगळं 'या कामात नाही' या पानावर गेलं. तेवीस पानांतलं हेच पान मी सगळ्यात जास्त वेळा वाचलंय. सही झाल्यावर त्यातलं काही आत घ्यायचं तर वेगळा दर, हेही तिथंच लिहिलंय, त्यामुळे पोरगं गप्प आहे.

आणखी दोन गोष्टी मला सुचल्याच नसत्या. स्केलचा सिग्नल 5 व्होल्टचा, जोडीच्या तारांवर येतो आणि चिपेची पिन 3.3 व्होल्टची. थेट जोडलं तर चिप जायची. नऊ ठिकाणी तीन-तीन जोड्या म्हणजे 27, एका रिसीव्हर आयसीत (हा सिग्नल चिपेला झेपेल असा करणारी छोटी चिप) चार, म्हणून सात आयसी. आणि दुसरी गोष्ट, काम संपल्यावर नुसती चिपेत भरायची फाईल नाही, सोर्ससकट (मूळ लिहिलेला प्रोग्राम) सगळं आमच्या ताब्यात. पहिल्या गड्याची गोष्ट ऐकून त्यांनी हा मुद्दा ठळक केला. 2021 च्या चिपांच्या दुष्काळाची आठवण ठेवून पर्यायी चिपही लिहायला लावलीय.

'अचूक असावं' हे वाक्य मी तीनदा म्हटलं आणि तीनदा खोडलं गेलं. आता लिहिलंय: एकच मास्टर शाफ्ट (तुलनेसाठी ठेवलेला नमुना) दहा वेळा लावून काढून मोजायचा, कुठल्याही अंशावर फरक 3 मायक्रॉनच्या आत, तरच शेवटचा हप्ता.

आता तक्रारी. तीन आठवडे म्हणाले आणि पाच लावले. कागद पूर्ण इंग्रजीत आला. ज्याला बेंचवर उभं राहायचंय त्यालाच वाचता येईना. मागितल्यावर मराठीत दोन पानं करून दिली, पण मागावी का लागली? आणि शेजारच्या फाउंड्रीची इंडक्शन भट्टी (विजेवरची, आसपासच्या तारांत गडबड करणारी) चालू असताना सिग्नलवर काय होतं, हे त्यांनी फक्त 'शील्डेड केबल वापरावी' एवढ्यावर उरकलंय. भट्टी चालू असताना येऊन मोजायला पाहिजे होतं. बैठक नेमकी भट्टी बंद असलेल्या दिवशी ठेवली, त्यात माझीही चूक आहे म्हणा.

तोच कागद तिघांना पाठवला. कोटेशनं आली 1 लाख 35 हजार, दीड लाख आणि 1 लाख 70 हजार. तिघांनीही प्रश्न विचारले, पण सगळे त्या कागदातल्या मुद्द्यांचे नंबर घालून. मधल्याला काम दिलंय, कारण चौदाव्या मुद्द्यावर त्यानं एकट्यानंच शंका काढली: मागं किती काउंट गेल्यावर 'उलटं' म्हणायचं? कंपनानं एखादा काउंट हलतोच. मी राजारामपुरीत फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "हे आमच्याकडून राहिलं." दुसऱ्या दिवशी सुधारलेलं पान आलं, पैसे न घेता.

पाचपैकी चार तारे. भट्टीचा आणि इंग्रजीचा मिळून एक कापलाय. गाडी लावायला जागा नाही, दुचाकीनं जा.